नावावर नाव

माझं नाव विश्राम धाकू तांडेल.
जाळी तुणतो, जेटीच्या खालच्या अंगाला,
बर्फाच्या कारखान्याचं पाणी वाहतं तिथे.

त्याचं नाव विश्राम धोंडू तांडेल.
पर्ससीनवाल्यांच्या विरोधात अपक्ष उभा राहिला,
बंदरं पायी पालथी घातली,
घसा बसला तर नुसते हात जोडत फिरला.

दसरा झाल्यावर मुरकर शेठ माझ्याकडे आले.
"अर्ज भर. अनामत आमची."
दहा सूचक त्यांनीच आणले,
त्यातले दोनच माझ्या ओळखीचे.
सहीच्या जागी माझा हात थांबला
तर म्हणाले, "नाव तुझंच ना? मग खोटं काय त्यात?"
मला उत्तर सुचलं नाही.
घरावरचे पत्रे बदलायचे होते.

त्याला होडी मिळाली, मला फणस.
यंत्रावर अपक्षांची नावं बाराखडीने लागतात.
धा आधी, धों मागून.
म्हणून मी वर, तो माझ्या खाली,
फोटो टपालाच्या तिकिटाएवढे,
मिशा दोघांनाही.

मी एक सभा घेतली नाही.
पण वरच्या आंबेवाल्या गावांत
त्याचं नाव पोचलं, होडी पोचली नाही.
आणि मुंबईहून गाड्या भरून आलेले,
रात्रभर घाटात हिंदकळून डोळे चोळत रांगेला लागलेले,
"आपल्या विश्रामला" देऊन त्याच गाडीने परत गेले.

एकोणिसाव्या फेरीपर्यंत तो पुढे होता.
पडला दोनशे बारा मतांनी.
फणसाला सहाशे एक्केचाळीस.

मी स्वतः होडीचं बटण दाबलं.
कोणाला सांगू? मत गुप्त असतं.
आमच्या बूथवर फणसाला एकच निघालं.
बायको म्हणाली, "लग्नपत्रिकेनंतर
तुमचं नाव छापलेलं आत्ताच बघितलं.
बोट तिकडेच गेलं."

शिमग्याच्या आधी तो आला.
फाटलेलं जाळं खांद्यावरून उतरवलं,
चहा नको म्हणाला, दर विचारला नाही.
पंधरा वर्षं वहीत मी त्याला
"धोंडूचा" एवढंच लिहितो.
पेन्सिल जिभेला लावली, तेव्हा म्हणाला,
"या खेपेला पूर्ण नाव लिही."

लिहिलं. वही त्याच्याकडे फिरवली.
त्याने अक्षर अक्षर वाचलं,
धोंवरचा अनुस्वारसुद्धा,
आणि गेला.

जाळं उघडून बघितलं.
भोक माणूस जाईल एवढं होतं.