तर्नाबाई

तिचं नाव मर्ना.
पहिल्याच बुधवारी, संखला, चिंचेखाली टेबल मांडून
मी मोठ्यानं सांगितलं, ह्या डॉक्टर मर्ना,
आणि रांगेतली पहिली बाई पोर काखोटीला मारून चालू लागली.
तिला वेडी कोण म्हणेल?
औषधाला आल्यावर समोरचाच म्हणाला, मर ना,
तर मीसुद्धा उठलो असतो.

म्हणून मी म चा त केला.
जीपच्या दारावर निळ्या ऑइलपेंटनं लिहिलं:
डॉ. तर्नाबाई, मिशन दवाखाना, मिरज.
तिला सांगितलं, इकडच्या जिभेला म जड जातो.
तिनं रांगेकडं पाहिलं.
रांगेतली पोरं आयांकडं मम्मं मागत होती.
बरं, म्हणाली, आणि वहीत काहीतरी टिपलं.

मी ड्रायव्हर. पगारही ड्रायव्हरचा.
बाकी प्रायमस पेटवणं, सुया उकळणं, कंदील धरणं,
आणि कन्नडातलं मराठीत, मराठीतलं माझ्या मोडक्या इंग्रजीत.
जतच्या पुढं नाव घ्यावी अशी नदी नाही,
पण दुखणं तिच्यापर्यंत जायचं ते दोन नद्या ओलांडून,
अर्धं भिजून.
म्हातारा म्हणायचा, छातीत करवत फिरते.
करवतीला इंग्रजी मला येईना,
मी हवेत हात पुढंमागं केला.
तिच्या वहीत त्या तारखेला करवतीचं चित्र आहे,
दाते मोजून काढलेले.

पहाटे चारला मिरज सोडायची.
कवठे महांकाळला चहा, बशीत ओतून, फुंकर न घालता.
मागच्या सीटवर गाठोड्यासारखी झोपायची,
खड्डा आला की डोळे मिटूनच औषधांच्या खोक्यावर हात.
दुपारी भाकरी, वर ठेचा.
डोळ्यांतून धारा, तरी आणखी मागायची.
तिचं गाव समुद्राकाठी. बाप मासे खारवायचा.
एकदा माळाकडं बघत म्हणाली,
आमचा समुद्र कुणी उचलून नेला तर खाली असंच निघेल.

पगार घेत नाही हे कळल्यावर लोक मला बाजूला घेऊन विचारत,
काय गुन्हा करून आली रं ही?
मी हे भाषांतर केलं नाही.
पुष्कळ केलं नाही.
'महिन्याभराचं राहिलंय' हे मी
'औषध वेळेवर घ्या' असं सांगितलेलं आहे, दोनदा.

उमदीच्या सिद्राम बिरादाराचं पोर
आणलं तेव्हाच डोळे खोल गेलेले.
शिर सापडेना. पायाला सापडली, निसटली.
ती गुडघ्यावर बसून, मी सलाईनची बाटली उंच धरून,
हाताला मुंग्या आल्या तरी धरून,
नंतरही धरून.
ती उठली आणि इंग्रजीत बरंच बोलली.
सिद्राम माझ्या तोंडाकडं बघत राहिला.
मी शब्द शोधत होतो.
तेव्हा तीच त्याच्यासमोर बसली
आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, गेलं, दादा.
मला वाचवता आलं नाही.

दीड वर्षं मी दुभाषी होतो.

परतताना जतपर्यंत कोणी बोललं नाही.
घाटनांद्र्याच्या अलीकडं तिनं गाडी थांबवायला सांगितली.
उतरली, दारावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं,
आणि म्हणाली,
हा त पुसून टाक.
माझ्या आईनं ठेवलेलं नाव लिही.

मी म्हटलं, बाई, रंग पक्का आहे. रॉकेल लागेल.
आणि रॉकेल संपलंय.

मागच्या सीटखाली पाच लिटरचा डबा होता.
ती चढून बसली. मी गियर टाकला.
मिरजेपर्यंत तो डबा डुचमळत राहिला.
दोघांनाही ऐकू येत होता.