काम्ब्यो

पुंता अरेनासच्या आमच्या दुकानावर पाटी आहे : काम्ब्यो.
म्हणजे जुना द्या, नवा न्या.
एलेउतेरियो बार्रिया तिच्याखालीच अडला.
"हा तर वायरलेसवरचा शब्द," म्हणाला,
"आपलं झालं, आता तू बोल."

सामुद्रधुनीतल्या जहाजांशी चाळीस वर्षं बोललेला माणूस.
जुन्या फोनवरचा पाच पुसून गेलेला,
बॅटरीला रबरबँड.
मी फोटो हलवले : सहा, त्यांतले चार कुत्र्याचे.
आणि गप्पांची तीन ॲप टाकून दिली.

पहिल्यात सगळे एकदमच बोलत होते.
दुसऱ्यात कुणीतरी घोरत होतं.
तिसऱ्यात यानं नाव सांगितलं, वाऱ्याचा वेग, दिशा,
काम्ब्यो म्हणाला
आणि थांबला.

कुणी फिस्सकन हसलं. दोघे निघून गेले.
हा थांबलेलाच,
अंगठा हवेत, आत्ताच बटण सोडल्यासारखा.

मी शटर अर्धं ओढलं
तेव्हा खरखर झाली, मागे भांडी, एक बाई :
"इथं वारा नाही. भात लागतोय खाली,
गॅस बंद करून येते हं.
काम्ब्यो."

जुना फोन ठेवून घ्यायचा असतो.
त्यानं तो खिशात टाकला.
मी दुसरीकडे बघत होते.