मख्ख

सोहारच्या शुक्रवारच्या बाजारात
सुकी मोरी आणि जुन्या इस्त्र्या यांच्या मधोमध
खडप्यांना ती तबकडी सापडली.
अर्धा रियाल. चोवीस सिनेमे.
सगळे मुके, सगळे काळेपांढरे, नायक एकच.
अंगाला न बसणारा कोट, आणि चेहरा असा
की माशीने येऊन बसावं
आणि कंटाळून उठावं.

गुरुवारी रात्री खोली नंबर अकरात
पत्र्याच्या कपाटावर टीव्ही, खाली आम्ही चौदा जण.
दोन पठाण, सिल्हेटचा मोसब्बिर सुतार,
वेल्डर रॉमेल, तिघे मल्याळी,
उरलेले गुहागर-दापोलीचे.
खोलीत पाच भाषा, पडद्यावर एकही नाही,
म्हणून त्या रात्री कुणी कुणाला
'काय म्हणाला?' असं विचारलं नाही.

तो एका भिंतीला रंग देत असतो.
भिंत चालू लागते. ती मालगाडी असते.
तो ब्रश तसाच धरून उभा,
गाडीच स्वतःला रंगवून घेत पुढे जाते
पार शेवटच्या डब्यापर्यंत.
मग तो ब्रश पुसतो. घड्याळ बघतो.
जेवायला बसतो.

मोसब्बिर खाटेवरून पडला.
थोरल्या पठाणाने तोंडात पगडीचं टोक कोंबलं.
खडपे हसले नाहीत.
गोदामात आलेला माल बघावा
तसे बघत होते.

नंतर नळावर ताट घासताना म्हणाले,
"तो हसू मागत नाही, बघितलंस?
बाकीचे नट दारात उभे राहून वर्गणी मागतात.
हा वाढपी. पंगत उठेपर्यंत
स्वतः घास घेत नाही."
इतक्यात पाणी गेलं.
ताटावर फेस तसाच.
खडप्यांनी नळाकडे पाहिलं, नळाने खडप्यांकडे.
दोघांपैकी कुणीच हललं नाही.

ऑगस्टात सेफ्टीवाले बलुशी साहेब तपासणीला आले
नेमकी तेव्हाच आगीच्या बादल्यांची थप्पी सरकली.
साठ लाल बादल्या. आवाज गेटापर्यंत.
धूळ बसली तर मधोमध खडपे,
एक पाय बादलीत,
कानामागची पेन्सिल काढून वहीत लिहितायत:
बादल्या साठ. जागा: खाली.
साहेबांचे दात आजवर कंपनीत कुणी पाहिले नव्हते.
त्या दिवशीही नाही पाहिले,
ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.
खांदे मात्र दिसत होते.
दंड झाला. निम्मा झाला.

डोळे मिचकावणारे, गाल फुगवणारे
किती आले असतील त्या काळात,
त्यांचे हशे त्यांच्याबरोबरच शिळे झाले.
मख्ख माणूस टिकतो.
त्याच्या चेहऱ्यावर तारीख टाकायला
जागाच नसते.

आणि आमच्या बताक्यांवर तरी काय आहे?
कुन्हिमोनच्या स्टुडिओत पाटीच होती:
हसू नये. दोन्ही कान दिसावेत.
चौदा जणांचे चौदा फोटो,
सगळे त्या नायकाचे सख्खे भाऊ.

खडपे कायमचे निघाले तेव्हा
मस्कतच्या बसपर्यंत मी सोडायला गेलो.
काय बोलायचं ते मी वाटेत पाठ केलं होतं.
फुटपाथवरून बॅग उतरवताना
तिचं एक चाक निसटलं
आणि निघालं घरंगळत,
पिकअपच्या खालून, टँकरच्या पुढून,
समुद्राच्या दिशेने, कुठेही न अडता,
जणू त्याचे कागद पूर्ण होते.
खडपे ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले.
मग हात वर करून
त्यांनी चाकाला निरोप दिला.

मला दिला नाही.
पाठ केलेलं सगळं राहून गेलं, आणि बस सुटली तेव्हा
मी रस्त्यात पोट धरून उभा,
काचेआड ते, सरळ समोर बघत,
दोन्ही कान दिसतील असे.

गोदामाची वही आता माझ्याकडे असते.
त्या रात्री, माझ्याच अक्षरात:
चाक एक. जागा: पुढे.