विस्तव, नग तीस

मे महिन्यात मी आग विझवते. पगारच त्याचा.
पाठीवर ब्लोअर, पायाखाली जाळरेषा,
सागाचं वाळकं पान बाजूला उडवत जायचं,
तेंदू तोडायला आलेल्यांच्या काड्यापेट्या
नाक्यावर गोळा करायच्या.
"बिडीपुरती तरी ठेवा ना, मॅडम."
नाही ठेवत.

आणि रात्री क्वार्टरमध्ये, दार लावून,
गंजात डबा ठेवून मेण पातळ करते.

आईनं एका पिशवीत मेणबत्त्यांचे बुडखे साठवलेले,
लोडशेडिंगच्या काळातले, कुणी टाकू न दिलेले.
धारणीच्या आरागिरणीतून भुसा आणला, चाळला.
रुई हिंगणघाटची. बाबांच्या जिनिंगमध्ये
फरशीवर सांडून काळी पडलेली,
जिला गाठीत जागा नसते.
अंडेवाल्यानं ट्रे फुकट दिला.

दाबून भरले खळगे. अंगठ्यानं, मग वाटीच्या बुडानं.
जितकं गच्च तितकं टिकाऊ,
आमच्या घरी कापसाबद्दल एवढंच माहीत आहे.
वरून चमचा-चमचा मेण.
सकाळी कात्रीनं सुटे केले
आणि वहीत लिहिलं: नग तीस.

भाद्रपदात कुटीवर मुक्काम.
चार दिवस सूर्य नाही. मिठाच्या पुडीला पाणी सुटलेलं,
भिंतीवर हात टेकला तर हात ओला.
धम्मदीप, भंडाऱ्याचा नवा पोरगा,
नाल्यात कमरेपर्यंत गेला आणि परत आला तेव्हा
त्याच्या बोलण्यातली अर्धी अक्षरं
दातांत तुटत होती.

भुरा बेठेकर म्हणाला, "सिंगल लाव."
मी मोबाइल खिडकीबाहेर धरला,
उंच केला, फिरवला.
"इथं कुठचा सिग्नल, भुराभाऊ?"
तो हसला नाही. चुलीकडे बोट केलं.
सिंगल म्हणजे विस्तव. कोरकूत.
तीन वर्षं झाली मला या रेंजमध्ये.

नग काढला. काडी लावली.
पुठ्ठ्याचा काठ काळा झाला, बस.
दुसरी काडी. तिसरी.
मेण वितळून खाली बसलं
आणि आतली रुई तशीच, मुकी,
जणू गाठ बांधून ट्रकवर चढवलेली.
पेटीत सहा काड्या उरल्या होत्या. मी मोजल्या.
धम्मदीपनंही मोजल्या असतील.

भुरानं तो माझ्या हातातून घेतला. वास घेतला.
मग नखांनी उकलू लागला, घाई नाही,
सरकीवरून रुई सोडवावी तसा,
तो पोकळ होईपर्यंत, पार विस्कटेपर्यंत,
खुडूक कोंबडीसारखा फुलेपर्यंत.
कमरेच्या बटव्यातून सालईच्या डिंकाचा खडा काढला,
वाटाण्याएवढा, मधोमध ठेवला.
"दम घेऊ दे त्याले."

चौथी काडी.

आधी दिसलंच नाही काही. मग वास,
देवळाचा म्हणावा तर देवळाहून कडू.
मग खडा फसफसला आणि पिवळी जीभ
बांबूच्या कामट्यांना चाटू लागली.
ऐनाचं ओलं लाकूड दुसऱ्या टोकाला
पाणी गाळत, कुरकुरत शेवटी तयार झालं.
धम्मदीपचे तळवे उजेडात आरपार लाल.
अकरा मिनिटं जळला तो नग.
मला घड्याळ बघायची सवय आहे.

ते दोघं झोपल्यावर मी उरलेले काढले
आणि एकेक उकलत बसले.
बाहेर पाऊस, नखांत मेण.
सकाळी रजिस्टरला नोंद केली:
मुक्काम कुटी. गस्त पूर्ण. विशेष काही नाही.

परत मे आला.
भुरा यंदा फायर वॉचर म्हणून लागला.
नाक्यावर सगळ्यांच्या आधी त्यानं
स्वतःची काड्यापेटी माझ्यापुढे ठेवली,
शेजारी बटवा.
पेटी मी जमा केली, पावती फाडली.
बटवा परत दिला.

रात्री गंजात डबा.
या वर्षी तीस खळग्यांना
मेण निम्मंच लागलं.