उताऱ्याबाहेरचं

मंगळवारी रात्री डुलूथच्या वाचनालयाच्या तळघरात
आम्ही सहाजण बसतो, कोटासकट,
कारण हीटर नुसता आवाज करतो.
टोर्वाल्ड लुंडे खडू उचलतात.
चाळीस वर्षं कोर्टात कारकून,
न्यायाधीशांपेक्षा जास्त निकाल वाचलेला माणूस.
म्हणतात, उताऱ्यात काय लिहिलंय ते इथे विचारत नाहीत.
उतारा खरा धरला तर काय नाकारता येणार नाही,
ते विचारतात.
लॉ स्कूलचं दार तेवढ्याच फटीएवढं उघडतं.

दिवसा मी गोदीवर वजनकाट्याच्या खोलीत असते.
ट्रक येतो, आकडा येतो, मी लिहिते.
तिथे अनुमान काढलं तर नोकरी जाईल.

उतारा तिसरा: नदीच्या पाण्यावरचे जुने हक्क,
वरच्या अंगाला गिरणी, खाली कातडी कमावणारे.
मी ठोकून दिलं: गिरणीवाल्यांनी कायदा विकत घेतला होता.
"कितव्या ओळीत?"
ओळीत नाही, पण दिसतंच ना.
"इलोना, 'दिसतंच ना' अशी ओळ नसते."
पलीकडे बसलेला ड्वेन हसला. त्याचंही तेच उत्तर होतं.
बरोबर उत्तर होतं:
काही न्यायालयांना जुना नियम अपुरा वाटला.
इतकंच.
पाण्यात बुडवलेल्या टोस्टसारखं उत्तर.

सगळे, कधीच, केवळ
हे शब्द छाती काढून येतात आणि आपटतात.
काही, निदान, एखादा
हे भिंत धरून चालतात
आणि पोचतात.
सुतावरून स्वर्ग गाठणारी माझी जात,
मला हे पस्तिसाव्या वर्षी कोण शिकवणार होतं?

घरी आले. स्वयंपाकघरात दिवा लावला नाही.
खणात, रबरबँड आणि मेलेल्या बॅटऱ्यांखाली,
मासेमारीच्या दुकानाची पावती आहे. मार्च महिना.
तीन डॉलर चाळीस सेंटचं आमिष.
मागे बाबांचं अक्षर:
सरोवरावर जातोय. जेवायला थांबू नका.

चोवीस वर्षं हाच उतारा वाचतोय आम्ही.
अ. आईचा पर्याय: बर्फ फुटलं.
(ट्रक किनाऱ्यावर नव्हता. ती हे वाक्य वगळते.)
ब. भावाचा: थंडर बेला कुणीतरी होती.
क. शेजारच्या ऑने हायक्किनेनचा, कॉफी ओतता ओतता:
कर्ज असणार, पुरुष दुसऱ्या कशाने जातात?
ड. माझा. तेव्हा मी अकराची होते.
आदल्या रात्री मी त्यांना म्हणाले होते,
तुमच्या अंगाला डिझेलचा वास येतो.

पेन्सिल घेतली. लुंडे सांगतात तसं
प्रत्येक पर्यायासमोर विचारलं, कितव्या ओळीत?
अ खोडला.
ब खोडला. क.
ड वर पेन्सिल बराच वेळ नुसतीच टेकलेली राहिली.
वास, डिझेल, मुलगी,
दोन वाक्यांत यातलं काहीच नाही.
खोडला.
खोडताना कागद थोडा फाटला.

परीक्षेत पर्याय पाच असतात.
इ कुणी लिहिलाच नव्हता.
पुन्हा वाचलं, आकडा वाचावा तसं.
जेवायला थांबू नका.
जिथे कुणी थांबणारच नसतं
तिथे कुणी असं लिहीत नाही.
म्हणजे निदान,
पावती उलटी करून पेन शोधताना,
या माणसाला माहीत होतं
की टेबलाशी कुणीतरी थांबेल.

यापलीकडे उतारा जात नाही.
परतायचं मनात होतं का, त्यावर मौन.
प्रेम हा शब्द नाही, मी घालणार नाही.

आई आत झोपली आहे, रेडिओ चालू ठेवून.
तिला सकाळी सांगावं का, ठरत नाहीये.
पस्तीस मिनिटांचं घड्याळ लावलं,
चौथा उतारा काढला.
मधमाश्यांबद्दल आहे.
पहिली ओळ दोनदा वाचली.