अकरा फरशा

वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी मंगळवारी सांगितलं,
तुमचं कुत्रं दिवसभर रडतंय की हो.
नऊच्या भोंग्याला सुरू होतं,
मधे जेवणापुरतं थांबतं,
मग पुन्हा.
मी म्हटलं, होय काय.
दुसरं काय म्हणणार?
उद्यमबागेत मी बोल्ट तपासत असते,
ट्यूबलाइटखाली, व्हर्नियरच्या जबड्यात
एकेक धरून;
तिथवर वडगावातलं रडणं पोचत नाही.

फुटाणा एवढासा.
चपलेच्या खोक्यातून आणला होता,
अजून त्या खोक्यात मावतो,
शेपूट सोडून.

नीलव्वा म्हणाली, माझी बेळ्ळी ने.
बेळ्ळी म्हणजे चांदी;
मांजर मात्र राखेच्या रंगाचं,
एक कान फाटका, वय कुणालाच ठाऊक नाही.
माग बंद पडले तसे सूत कुरतडणारे उंदीरही गेले,
तिला तरी कुठं काम आहे?
दोघं रिकामीच, बसू देत एका जागी.
बदल्यात रोज पाव लिटर दूध.
ते मांजराचं की नीलव्वाच्या चहाचं,
मी विचारलं नाही.

पहिल्या दिवशी कुलूप लावलं
आणि खिडकीच्या फटीतून पाहिलं.
दाराशी हा. ओट्याखाली ती.
मधे अकरा शहाबादी फरशा.
त्याला मी मराठीत बजावलं होतं, गप बसायचं.
तिला नीलव्वानं कन्नडमध्ये, सुम्न इर.
दोघांनीही ऐकलं नाही.
संध्याकाळी त्याच्या नाकावर बारीक लाल रेघ,
सरळ,
पत्र्यावर आखणीच्या सुईनं ओढावी तशी.

मग रोज दार उघडलं की आधी फरशा मोजायच्या.
शुक्रवारी नऊ.
सोमवारी साडेसात
(साडे, कारण बेळ्ळी बरोबर सांध्यावर बसली होती).
एकदा परत दहा, त्या दिवशी
दुधाची वाटी त्यानं उलथली होती.
मग पाच. आठवडाभर पाचच.
मला वाटलं, थांबलं हे इथंच.

आमचा होनगेकर सुपरवायझर नवीन पोरींना शिकवतो:
तंतोतंत बसवाल तर जाम होईल.
मधे केसाएवढं राहू द्यायचं,
त्याला टॉलरन्स म्हणायचं.
बारा वर्षं ऐकतेय.
घरी सांगायला दुसरं कोण, म्हणून एका रात्री
फुटाण्याला सांगितलं.
तो माझा अंगठा चावला.

गुरुवारी दोनला करंट गेला,
जनरेटरही बसला, सगळ्यांना सोडून दिलं.
चालतच आले.
वाटेत त्याच्यासाठी पाच रुपयांचे टोस्ट घेतले,
आणि कुलपाला हात लावण्याआधी
सवयीनं फटीला डोळा लावला.

एक फरशी.
तीही मधे नाही, दोघांच्या खाली.
उन्हाचा तेवढाच तुकडा पडला होता आत
आणि त्यात मावायला
पाठीला पाठ लावून पडले होते दोघं,
भांडून रुसलेल्या जावा झोपतात तसे.
त्याची शेपूट तिच्या पोटाखाली दबलेली,
त्याला पत्ता नाही.
ऊन सरकलं तशी ती सरकली,
मग तो, डोळे न उघडता.
दाराकडे कुणाचंच तोंड नव्हतं.

किल्ली हातात होती.
उघडलं असतं तर तो धावत आला असता,
ती ओट्याखाली गेली असती,
परत अकरा.

जाऊन नीलव्वाच्या कट्ट्यावर बसले.
ती शेंगा फोडत होती. लवकर का, विचारलं नाही,
सूप तेवढं माझ्याकडे सरकवलं.
फोडत राहिलो.
मधेच तिनं कन्नडमध्ये लांबलचक काहीतरी सांगितलं,
थोडं कळलं, उरलेल्याला मी हूं म्हटलं.
वरून मास्तर डोकावले,
कुत्रं आजारी आहे काय हो?

सहा वाजता उठले,
पदरातली टरफलं झाडली,
आणि कुलपात किल्ली
मुद्दाम जोरात वाजवली.