रायबंदर ते चोडण, पाने नऊ

कादंबरी मला परवडत नाही.
ती पाहुण्यासारखी ट्रंक घेऊन येते,
पंधरा दिवस तिचा टॉवेल आपल्या दोरीवर.
कथा उंबऱ्यावरच थांबते,
"बसत नाही गो, घाईत आहे," म्हणते
आणि पाठ वळवताना असं काही बोलून जाते
की आधणात तांदूळ वैरायचे राहतात.

मी पाने मोजून कथा निवडते.
फेरीबोटीने धक्का सोडला की पहिलं वाक्य,
चोडणला साखळी खडखडली की शेवटचं.
नदी नऊ पानांची आहे.
ओहोटीला बोट वळसा घेते, तेव्हा अकरा.
चोवीस पानांची एक दीर्घकथा
इंजिन बिघडेल त्या दिवसासाठी राखून ठेवली आहे.
लेखकाला कळलं तर रागावेल.
रागावू दे,
त्याला कुठे रोज ट्रेझरीतून घरी यायचंय.

आणि पहिली कथा मी पहिली वाचत नाही.
तिला शालू नेसवून पुढे बसवलेलं असतं,
लग्नात नवऱ्यामुलाच्या आत्येला बसवतात तसं.
मी मागच्या दाराने शिरते.
तिथे एखादी, जिचं नाव मुखपृष्ठावर नाही,
चुलीपाशी एकटीच हसत असते.

हा संग्रह डिचोलीच्या वाचनालयातला.
पाठ सुटलेली, वासू बायंडरने दाभणाने शिवलेली,
इतकी घट्ट की ओळींची टोकं शिवणीत गेली.
पान त्रेसष्ट: "निघताना त्याने तिचा हात"
आणि पुढे दोरा.
धरला की सोडला, वासूला ठाऊक.
मी भरतीला धरला वाचते, ओहोटीला सोडला.

अनुक्रमणिकेत कुणीतरी पेन्सिलीने खुणा केल्यात.
बारा कथा, अकरा खुणा.
सातवी कोरी.
कंटाळा आला? बदली झाली?
की डब्यातला शेवटचा लाडू कुणी खात नाही
तशी ठेवली?
मीही ठेवली. तीनदा तारीख वाढवून घेतली,
उसगावकरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

बोटीवरचा कायतान साखळी सांभाळतो.
त्याला देवनागरी येत नाही, कथा येतात.
रोज उतरताना विचारतो,
"बाय, आयज कोण मेलो?"
मी दोन वाक्यांत सांगते.
नऊ पानांचं दोन वाक्यांत काय उरतं
ते पाहायलाच कधीकधी मी वाचते.

परवा, गुरुवारी, पिशवीत सातवीशिवाय काही उरलं नव्हतं.
अर्धी नदी मी नुसती बगळे बघत काढली.
मग पान एकशे सात उघडलं.
फळी खाली आली तेव्हा दोन पानं शिल्लक होती.
स्कूटरी गेल्या, मासळीची टोपली गेली,
कॉलेजच्या पोरी गेल्या.
"देंवना?" कायतान म्हणाला.
मी मान हलवली.
चालत येणाऱ्याला तिकीट नाही,
तेव्हा त्या दोन पानांसाठी
मी पुन्हा रायबंदरला गेले,
आणि तिथून परत.

"आयज कोण मेलो?"
"कुणी नाही.
एक माणूस टाकीची मोटर चालू ठेवून
बहिणीला भेटायला जातो."
"मागीर?"
"मागीर काही नाही. तेवढंच."

तो साखळी हातात धरून उभाच राहिला.
मागून जीपवाल्याने हॉर्न दिला, दुसराही दिला.
मी धक्का चढून पोदेराच्या सायकलीपर्यंत पोचले,
तेवढ्यात त्याने ओरडून विचारलं,
"अगो, पूण मोटर बंद कोणें केली?"

रात्री दिव्याखाली
एकशे पंधरावं पान मी पुन्हा पाहिलं.
तिथे पाणी गच्चीवरून वाहतच होतं.
पेन्सिल शोधली नाही.